हॉकीचा नवस

कडावच्या अलीकडच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून गेले तेव्हा हॉकी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि गावालाही माहीत नव्हतं. फरक इतकाच की मी ते कबूल करत होते आणि गाव करत नव्हतं. गावातला एक मुलगा पुण्याच्या कॉलेजाकडून हॉकी खेळत होता. त्यामुळे आपल्याला हॉकीतलं सगळं कळतं, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्या मुलाच्याच घरी मी राहायचे. त्याच्या वडलांनी पडवीच्या एका अंगाला कुडाची भिंत घालून मला खोली काढून दिली होती. खोलीत स्टोव्ह होता, पण मागच्या दारानं रोज काहीतरी यायचंच. कधी वालाची आमटी, कधी सुकटीची चटणी, आणि वाडगाभर भात तर ठरलेला. मी घाटावरची, ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडे भात सणावारी, तोही मुदीएवढा. इथे सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात आणि भाकरी केली तर तीही तांदळाचीच. पहिल्या महिन्यात मी मुलाच्या आईला विचारलं होतं, "काकी, तुम्हाला कंटाळा नाही येत?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मी जणू श्वास घ्यायचा कंटाळा येत नाही का असं विचारलं होतं.

अशी विचारायची मला लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, "ही पोरगी सासरी टिकायची नाही. पहिल्याच दिवशी सासूला विचारेल, तुम्ही अशा का?" पुढे मी नांदले, पण ती भीती अगदीच खोटी नव्हती.

तर हॉकी. मुलगा कर्जतच्या शाळेत जायचा तेव्हा स्टेशनाच्या मागच्या मैदानावर रेल्वेतली माणसं संध्याकाळी हॉकी खेळायची. हा आधी काठावर उभा राहून बघायचा, मग बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला लागला, आणि एक दिवस त्यांनी त्याला आत घेतलं. पुढे त्याच खेळावर पुण्याच्या कॉलेजात त्याचं नाव झालं. गावात ही खबर पोचवायचा तो दूधवाला. सकाळी सायकलला कॅन अडकवून कर्जत स्टेशनला जायचा आणि येताना वर्तमानपत्र घेऊन फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबायचा. खेळाच्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी असल्या तरी तो त्या टपरीभर वाचून दाखवायचा. मुलगा 'सेंटर हाफ'ला खेळतो असं त्यात एकदा आलं, तेव्हा बराच वाद झाला. हाफ म्हणजे अर्धाच वेळ खेळवतात की काय, अशी एकाला शंका आली. गावदेवीचा गुरव म्हणाला, "हाफ तर हाफ. पण मधोमध उभा केलाय ना आपल्या पोराला? कडंला तर नाय ना टाकला?" तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

या सगळ्यात एक माणूस नसायचा, तो म्हणजे मुलाचा बाप. मी त्यांना काका म्हणायचे. काळेसावळे, सडपातळ, बोलणं बेताचं. शेतावरून येताना टपरीपाशी गर्दी दिसली की ते बांधावरून वळून जायचे. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही कधी बघायला गेलात का पुण्याला?" तर म्हणाले, "काठ्या घेऊन पळायचं म्हंतात. मंग गुरं कुठं हायत?" आणि पुढे चालायला लागले. मला वाटलं, यांना मुलाच्या खेळाचं काही पडलेलं नाही. किती पटकन वाटतं आपल्याला.

थंडीच्या दिवसांत दूधवाला एका सकाळी वर्तमानपत्र न उघडताच गावात आला. मुलाबरोबर शिकणारा कुणी कर्जत स्टेशनवर भेटला होता. सामन्यात मुलाचा गुडघा फिरला, दवाखान्यात नेलाय, एवढंच त्याला कळलं होतं. काका होते तसे पुण्याला गेले. परत आले ते मुलाला घेऊनच. मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर. टेंपोतून त्याला उतरवताना सगळा गाव अंगणात होता. मुलगा कसनुसं हसत होता आणि काका कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

मग गावानं ते केलं जे गावाला उत्तम येत होतं. नवस बोलले.

नवस मला नवे नव्हते, पण असे मी कुठे पाहिले नव्हते. टेकडीवरची गावदेवी नवसाला पावणारी, त्यात वाद नव्हता. पण प्रत्येकाला वाटलं की आपला नवस दुसऱ्यापेक्षा खणखणीत हवा. कुणी साडीचोळी बोललं, कुणी नारळाचं तोरण. चहावाल्यानं गावाला दिवसभर फुकट चहा बोलला. त्याबरोबर टपरीवरच्या सगळ्यांनाच मुलाच्या गुडघ्याची काळजी जरा जास्त वाटू लागली. आणि मग दूधवाल्यानं बोलताना एक नवी वाट काढली. "आई, त्याचा पाय बरा होऊ दे, तो अनवाणी तुझी टेकडी चढंल." हे लोकांना फार आवडलं. दुसऱ्यानं त्याला लोटांगण घालायला लावलं. तिसऱ्यानं पालखीला खांदा बोलला. शाळेच्या शिपाईमामांनी तर त्याच्याकडून देवळाभोवती प्रदक्षिणा बोलल्या, त्याही एका पायावर.

मला काही राहवेना. मी ज्याला त्याला गाठून विचारायला लागले, काय बोललात, कुणाच्या वतीनं बोललात, त्याला विचारलंत का? दूधवाला म्हणाला, "त्याला कशाला विचारायचं? पाय त्याचाच बरा होनार ना?" एका दृष्टीनं बरोबर होतं. पण हिशेब मांडला तर तो पाय बरा होताक्षणी एवढा राबणार होता की परत मोडलाच असता. मी हे मुलाला जाऊन सांगितलं. पडवीत खाटेवर पडल्या पडल्या तो इतका हसला की आतून काकी धावत आल्या.

त्या दिवसांत त्यानं मला हॉकी शिकवली. मूठभर चिंचोके घ्यायचा आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडायचा. हे आपले, हे त्यांचे, हा मी. मी विचारलं, "तू आजवर गोल किती केलेस?"

"एक पन नाय, बाई."

मला वाटलं थट्टा करतोय. गावात तर त्याच्या गोलांच्या गोष्टी चालायच्या. चहावाल्यानं एका सामन्यातले त्याचे सगळे गोल मला हातवारे करून दाखवले होते.

"माझं काम गोल करायचं नाय," तो म्हणाला. "मागून आलेला बॉल घ्यायचा, अन् म्होरं ज्याची वाट मोकळी असंल त्याला द्यायचा. एवढंच." मग चिंचोके गोळा करत म्हणाला, "गावात सांगू नका हं. त्यांना वाईट वाटंल."

मी नाही सांगितलं. पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती, पण ते राहिलं.

होळीच्या सुमाराला प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, तरी काठी टेकत तो अंगणात चालला, मग काठीशिवाय चालला. देवीची चैत्री जत्रा तोंडावर होती. लोक म्हणायला लागले, आता नवस फेडायचे, चल टेकडीवर. इथे मात्र गुरवानं सगळ्यांना अडवलं. तो देवळाच्या पायरीवर बसून म्हणाला, "देवीला त्यानं शब्द दिलाय काय? तोंड कुनाचं व्हतं? ज्यानं बोललं, त्यानं चढायचं."

ती जत्रा मी विसरणार नाही. मुलगा खाली आंब्याच्या सावलीत बाजेवर बसलेला, आणि त्याचे सगळे चाहते एकामागून एक टेकडी चढताहेत, तेही अनवाणी, चैत्राच्या उन्हात. दूधवाला तर दोनदा गेला, कारण एकदा बोलून त्याला भरवसा वाटला नव्हता म्हणून त्यानं परत बोललं होतं. शिपाईमामा एका पायावर प्रदक्षिणा घालताना दोनदा आपटले. चहावाल्याकडे दूध संपलं, साखर संपली, शेवटी नुसतं आलं उकळून दिलं. सगळे दमलेले, खूश, घामानं निथळणारे. तेवढ्यात कुणीतरी मुलाला विचारलं, "मंग? कॉलेजात परत कवा खेळायला जानार?"

तो म्हणाला, "आता नाय खेळायचं. पुण्याच्या डॉक्टरनी सांगितलंय. चालायला, शेतात वाकायला हरकत नाय. पळायचं नाय, अन् हॉकी तर नायच."

त्यानं हे बरेच दिवस मनात ठेवलं होतं. मलाही सांगितलं नव्हतं. दूधवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, "पन आमी तर नवस फेडला." गुरवानं टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आपन पाय मागितला, तिनं पाय दिला. खेळ कुनी मागितला व्हता?"

खरंच कुणी मागितला नव्हता. प्रत्येकाचा नवस मी स्वतः विचारून घेतला होता, त्यामुळे मला पक्कं माहीत होतं. एवढे चाहते, आणि हॉकी कुणाच्या तोंडातच आली नव्हती. काकांना मात्र मी विचारलं नव्हतं. ज्यानं कधी खेळाचं नाव काढलं नाही तो काय नवस बोलणार, असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात मी गावी निघाले तेव्हा काका पडवीत आले. खांबाला धरून उभे राहिले. "बाई, येताना तुमच्याकडली जवारी आनाल काय? थोडी असली तरी चालंल."

मला भारी आनंद झाला. म्हटलं, चला, घाटावरच्या अन्नाला एक तरी गिऱ्हाईक मिळालं. "भाकरी आवडायला लागली वाटतं, काका?"

"नाचनी संपली," ते म्हणाले आणि गेले.

जून लागायच्या आत मी ज्वारीचं गाठोडं घेऊन परत आले. काकींना भाकरी थापायला शिकवली. त्यांच्या तांदळाच्या उकडीच्या हाताला ती जमेना, कडा फाटायच्या, पण काका मुकाट्यानं खायचे. आणि तेव्हा माझ्या ध्यानात येऊ लागलं की ते फक्त भाकरीच खातात. लावणीच्या दिवसांत सगळं घर चिखलातून येऊन भाताच्या ढिगावर तुटून पडायचं आणि काका कोपऱ्यात ज्वारीचा तुकडा आमटीत बुडवून चावत बसायचे. वरकसातली, म्हणजे डोंगरउताराच्या शेतातली नाचणी, माझी ज्वारी, कधी नुसते उकडलेले कंद. पोहे केले तरी नाही. तांदळाची भाकरीही नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथे तर ताटात शीतच नव्हतं, मग मी परीक्षा करायची कशावरून?

काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यास्नी भात बाधतो."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिस," असं म्हणून त्या चुलीकडे वळल्या. भातशेतकऱ्याला भात बाधतो! मला मधुमेहाची शंका आली. मी काकांना कर्जतच्या डॉक्टरांकडे चला म्हणून भुणभुण लावली. ते एकदा चिडून म्हणाले, "बाई, तुमी पोरांना पाडे शिकवा." माझा चेहरा पडला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतातली पहिली काकडी माझ्या दारात आणून ठेवली.

काका उतरत चालले होते. आमच्याकडचा माणूस भाकरीवर धट्टाकट्टा राहतो, मग यांना काय होतं, हे मला कळत नव्हतं. आता कळतं. जन्मभर ज्या पोटाला भात माहीत, त्याला भाकरी भरते पण जेवल्यासारखं वाटत नाही. स्वतः लावलेला, स्वतः निंदलेला, स्वतः राखलेला भात डोळ्यांसमोर पिवळा होत होता आणि हा माणूस त्याच्याकडे परक्यासारखा बघत होता.

उलगडा झाला तो नव्याच्या दिवशी. त्या भागात हळवं भात लवकर तयार होतं. नवा तांदूळ घरात पहिल्यांदा शिजतो त्या दिवसाला 'नवं' म्हणतात. देवीला नैवेद्य जातो, मग घरातला कर्ता माणूस पहिला घास घेतो, आणि त्यानंतर बाकीच्यांनी जेवायचं. त्यानं घेतल्याशिवाय घरात कुणी नव्या भाताला हात लावत नाही. मला मुद्दाम पंगतीला बोलावलं होतं. गुरव नैवेद्य देवीला ठेवून आला होता, तोही बसला. नव्या भाताचा तो गोडसर वास घरभर भरला होता. मला तोवर त्या वासाची सवय झाली होती, खरं सांगायचं तर भूकही लागली होती.

काकींनी काकांच्या पानावर भात वाढला. काका बसून राहिले. हात मांडीवर.

"घ्या ना," गुरव म्हणाला.

काकांनी पान अलगद पुढे सारलं. "पोराला घेऊ द्या. आता तोच कर्ता."

"तुमी असताना?" गुरवाचा आवाज चढला. "बाप जिता असताना पोरानं पयला घास घ्यायचा?"

मुलगा आपल्या धाकट्या भावाबहिणींच्या पलीकडे बसला होता. तो म्हणाला, "बाबा, काय झालंय? बरं नाय का?" आणि काकींचं इतके महिने दाबून ठेवलेलं रडू एकदम फुटलं. त्या म्हणाल्या, "काय बरं नाय! भात सोडलाय त्यांनी. तुज्यापायी सोडलाय. पुन्याहून आल्यापासनं."

मग काका बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"दवाखान्यात ह्याच्या संगं खेळनारी पोरं बसली व्हती. सगळी ह्याचंच बोलत व्हती. असा खेळतो, तसा खेळतो, ह्याच्याबिगर आमाला उभं ऱ्हाता येत नाय. मंग एकानं मला इचारलं, काका, तुमी तर बघितलंच असंल त्याला. मी काय सांगनार? लेकराचा खेळ सगळ्या दुनियेनं बघितला अन् मी बघितला नाय. कवा लावनी, कवा कापनी, कवा काय. मंग मी देवीला बोललो, मला एकदा ह्याला खेळताना बघू दे. तवर भात खानार नाय. हे डॉक्टरानी सांगायच्या आदी बोललो. आता बोललोय."

म्हणजे एका माणसानं खेळ मागितला होता. फाट्यावर ज्याचा आवाज कधी ऐकू आला नाही, त्यानं.

मुलगा पानावरून उठला. अंगणातून थेट शेताकडे गेला. गुरवानं काकांना पुष्कळ समजावलं. नवसाला उतारा असतो, देवीला कोंबडं देऊ, ती माफ करील. काका म्हणाले, "तिनं काय केलंय माफ करायला? बोललो मी." त्या दिवशी त्या घरात नवं झालं नाही. नवा भात झाकून ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी जुन्या तांदळाची पेज प्यायली. काकांनी तीही नाही.

संध्याकाळी मी मुलाला शोधत गेले. तो बांधावर बसला होता. नको तिथे नाक खुपसायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं, पण ते मला कधीच जमलं नाही. म्हटलं, "एकदा खेळून दाखव की."

"कसं दाखवू बाई? मी बरा व्हतो तवा बघायचं व्हतं त्यांनी. आता काय बघनार? लंगडा बैल?" त्याचा आवाज चिरकला. "हातात काठी घेतली अन् पाय नाय उचलला, तर ते मलाच दिसंल ना पयलं." तेव्हा मला कळलं, की तो खेळ सोडल्यापासून एकदाही रडला नव्हता. हसतच होता, माझ्याशी चिंचोके खेळत होता. मी आपली चौकस, आणि हे कधी विचारलंच नव्हतं.

मी त्याच्या शेजारी बसले. मग मास्तरणीसारखंच बोलले, कारण दुसरं काही येत नव्हतं. "तुझे बाबा काय म्हणाले ते नीट ऐकलंस का? चांगला खेळताना बघू दे असं ते बोललेच नाहीत. खेळताना बघू दे, एवढंच बोललेत."

तो मला तिथेच सोडून घराकडे चालायला लागला. पण रात्रीच्या जेवणाआधी माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. सकाळी बघितलं तर जुन्या लुंगीत गुंडाळलेली हॉकी स्टिक पडवीत उभी होती.

प्रश्न जागेचा आला. कापलेल्या शेतात धसकटं, पाय अडकायची भीती. मग दूधवाल्याला खळं सुचलं. झोडणीसाठी नुकतंच चोपून, सारवून गुळगुळीत केलेलं. जागा लहान, म्हणजे फार पळायला नको. खळ्यावर चपला चालत नाहीत, म्हणून सगळे अनवाणी. मधला तिवडा, म्हणजे मळणीच्या वेळी बैल बांधायचा खांब, काढायला काकींनी साफ नकार दिला. तो तसाच राहिला आणि त्यानं दोन्ही बाजूंनी बरेच चेंडू अडवले. खरी स्टिक एकच. बाकीच्यांनी रानातून वाकड्या फांद्या तोडून आणल्या होत्या. कॉलेजातला पांढरा चेंडू मुलानं जपून ठेवला होता. इतकी वर्षं हॉकीतलं सगळं कळणाऱ्या चाहत्यांच्या हातात पहिल्यांदाच काठी आली, आणि चहावाल्यानं पहिल्या फटक्यात स्वतःच्याच नडगीवर मारून घेतली.

काका खळ्याच्या कडेला भाताच्या भाऱ्यावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा होता.

मुलगा मधोमध उभा राहिला. पाय ओढत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. पण चेंडू त्याच्याकडे आला आणि मी जे पाहिलं ते चिंचोक्यांवरून मला कधी कळलं नसतं. तो पळाला नाही. नुसता वळला. चेंडू काठीला चिकटल्यासारखा त्याच्याबरोबर वळला, आणि दूधवाला ज्या रिकाम्या जागेकडे निघाला होता तिथे त्याच्याआधी जाऊन पोचला. परत आला, परत वळला, परत दिला. आरडाओरड चालली होती, माणसं एकमेकांवर आदळत होती, तिवड्याला शिव्या बसत होत्या, आणि मधे तो एकटा शांत होता. चेहरा असा की मी तो त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मग एकदा समोर गोल पूर्ण मोकळा होता. गोल म्हणजे दोन उलट्या टोपल्या. लोक ओरडले, मार, मार! त्यानं मारला नाही. कडेला शिपाईमामा होते, त्यांना दिला. मामांनी डोळे मिटून काठी फिरवली आणि चेंडू टोपल्यांमधून गेला. मामा इतके नाचले की त्यांना धरून बसवावं लागलं.

काका उठून खळ्यात आले. चपला काढायला विसरले नाहीत. मुलापाशी जाऊन म्हणाले, "तुला मोकळं व्हतं. तू का नाय मारला?"

खेळ थांबला. मुलगा धापा टाकत म्हणाला, "माझं काम तेच हाय, बाबा. बॉल अडवायचा, अन् म्होरं ज्याची वाट मोकळी, त्याला सोडायचा. मी गोल करीत नाय. कवाच केला नाय."

चहावाला मान खाली घालून नडगी चोळत राहिला.

काका थोडा वेळ बघत राहिले. आधी मुलाकडे, मग त्याच्या पलीकडे, उतारावर एकाखाली एक गेलेल्या आपल्या भातखाचरांकडे. "म्हंजे पानी," ते म्हणाले. "वरच्या खाचरात अडवायचं, अन् भरलं की बांध फोडून खालच्याला सोडायचं. ते काय कुनाला दिसत नाय. खालचं पिकलं की समद्यांना दिसतं." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग आपलंच काम करत व्हता रं तू. मला वाटलं काय येगळंच करतो."

मुलगा तेव्हा रडला. सगळ्या चाहत्यांसमोर, खळ्याच्या मधोमध, स्टिकवर कपाळ टेकून. कुणी त्याला उगी म्हटलं नाही. काकाही तसेच हात ठेवून उभे राहिले.

त्या दुपारी घरात नवं झालं. पंगत पडवीपासून अंगणापर्यंत. काकींनी पानावर भात वाढला आणि आमटी घेऊन येईतो काकांनी नुसत्याच भाताचा पहिला घास तोंडात टाकला होता. मिठाशिवाय. सगळे त्यांच्याकडे बघत थांबलेले. ते चावत राहिले, डोळे मिटून, बराच वेळ. मग गिळला, दुसरा घास हातात घेतला आणि समोर बसलेल्या मुलाला म्हणाले, "उद्या परत हाय ना?"